'नाही'च्या पुढचं

आमच्या शाळेत भूगोल शिकवायला एक सर होते. अजूनही कधी दुपारी डोळा लागता लागता मला त्यांचा आवाज ऐकू येतो, आणि तो वाक्याच्या मधेच थांबतो. मग माझी झोप जाते आणि मी पुढचं काय असेल याचा विचार करत पडून राहते. घरात हे मी कुणाला सांगत नाही. उगाच हसतील.

सर वाक्य पुरं करत नसत. म्हणजे करत, पण आपल्या सवडीनं. स्टाफरूममध्ये चहाचा कप हातात धरून ते म्हणत, "वाळूजला आपला एक..." आणि खिडकीबाहेर बघत राहत. बाहेर कडुनिंब, त्यापलीकडे मैदान आणि मैदानाच्या शेवटी डोंगराची निळसर रेघ. चहावर साय धरे. आम्ही आपापल्या वह्या तपासत असू. दुसऱ्या दिवशी त्याच खुर्चीत, तसाच कप हातात घेऊन सर म्हणत, "...विद्यार्थी कारखान्यात लागलाय. भेटला होता." नव्यानं बदलून आलेल्या माणसाला वाटे, हे काहीतरी भलतंच आहे. आम्हा जुन्या लोकांना मात्र कालचं आजच्याला जोडून घ्यायची सवय झाली होती.

मला ती सवय फार उशिरा लागली. मी शास्त्र शिकवायचे आणि तोंडाची पहिल्यापासून फटकळ. माझे यजमान वाळूजला पाळीवर जायचे, घरी दोन पोरं, त्यामुळे मला कशालाच धीर नसे. सरांचं वाक्य लोंबकळलं की मी लगेच पुढं घालायची. "विद्यार्थी आहे का सर? मित्र? प्लॉट आहे का?" सर शांतपणे ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "बाई, तुम्ही नका पुरं करू. मग ते तुमचं होतं." ते रागावून म्हणाले नव्हते. मलाच कुणीतरी हात धरून बाजूला केल्यासारखं वाटलं.

त्यांचा तास नेहमी जेवणाच्या सुट्टीनंतरचा असे. त्या वेळेला मुलं पेंगतात, म्हणून बाकीच्यांनी तो तास नको म्हटलेला. सर तो आनंदानं घेत. वर्गात जाऊन नकाशा उलटा टांगत, दक्षिण वर आणि उत्तर खाली. "रोज आपणच का खालून बघायचं," असं काहीतरी कारण होतं त्याचं. मग म्हणत, "डोळे मिटा. फाटकातून बाहेर पडा. ऊन आहे, सावलीच्या कडेनं चला." आणि मुलं मिटल्या डोळ्यांनी दौलताबादवरून वेरूळला जात, घाट उतरत, कधी उलट्या बाजूला वळून पैठणला पोचत. "गोदावरी आत्ता काय करत असेल?" सर विचारत. कुणी म्हणे झोपलीय, कुणी म्हणे म्हशी धुतेय. सगळी उत्तरं बरोबर असत.

एका वर्षी तपासणीला साहेब आले आणि मागच्या बाकावर बसले. सर म्हणाले, "डोळे मिटा," तर साहेबांनीही मिटले. घंटा झाली, मुलं दप्तरं उचलून गेली. साहेब अजून पैठणलाच होते. सरांनी त्यांना उठवलं नाही. चपला हातात घेऊन आवाज न करता वर्गाबाहेर आले आणि आम्हाला म्हणाले, "लांबून आलेत ते..." याचा शेवट मला आजतागायत ऐकायला मिळालेला नाही.

त्यांच्याकडे एक काळी सायकल होती. ती ते चालवत नसत, सोबत घेऊन हिंडत. घरून हातात धरून आणायची आणि संध्याकाळी हातात धरून न्यायची. क्रांती चौकातल्या गर्दीतून सर आणि सायकल दोघं शेजारी शेजारी चाललेले कितीतरी लोकांनी पाहिले असतील. मुलं म्हणत, सर सायकलीशी बोलतात. मी मुलांना रागावले होते. नंतर एकदा मी मागून येत होते तेव्हा मलाही त्यांचे ओठ हलताना दिसले. माझी चाहूल लागली तसे ते थांबले.

सरांचं लग्न झालंय हे आम्हाला माहीत होतं. बायको पोस्टात नोकरीला होती आणि बदली मागून घेऊन माहेरी जालन्याला गेली होती. याच्या पलीकडे कुणी विचारलं नव्हतं. मूलबाळ नव्हतं. डब्यात रोज भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी असे. ती भाकरी ते स्वतः थापत आणि तिचा आकार कोणत्या ना कोणत्या देशासारखा होई.

एक दिवस त्यांनी मुख्याध्यापकांकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. मुख्याध्यापकांनी विचारलं, कारण? सर म्हणाले, "माझा घटस्फोट झाला." मुख्याध्यापक उठून उभे राहिले. "अहो, मग घरी जा, आराम करा." "घरी नाही," सर म्हणाले, "अपील करायचंय." दोन्ही वाक्यं पुरी होती, म्हणून आम्हाला जास्त काळजी वाटली.

काय झालं होतं ते मला तुकड्या-तुकड्यानं कळलं. आठवडाभर चाललं ते सांगणं. बायकोनं मानसिक छळाच्या कारणावर अर्ज केला होता. छळ म्हणजे काय, तर नवरा बोलत नाही, बायको घरात आहे की नाही याचा त्याला पत्ता नसतो. सरांनी वकील दिला होता. वकिलानं सांगितलं, विचारतील तेवढंच उत्तर द्यायचं, जास्तीचं एक अक्षर नको. साक्षीच्या दिवशी समोरच्या वकिलांनी विचारलं, "तुम्ही आपल्या पत्नीशी कधी प्रेमानं चार शब्द बोललात का?"

सर म्हणाले, "नाही." आणि नेहमीसारखे थांबले.

ते थांबले होते, संपले नव्हते. हा फरक आमच्या शाळेतल्या पाचवीतल्या पोरालाही कळला असता. पण कोर्टाला कसा कळावा? न्यायाधीशांनी 'नाही' टंकलेखकाला सांगितलं, समोरचे वकील खाली बसले, सरांचे वकील उठून म्हणाले, "आणखी काही विचारायचं नाही." सरांनी पुढचं बोलायला तोंड उघडलं तोवर पट्टेवाला दुसऱ्याच कुणाच्या तरी नावाचा पुकारा करत होता. निकालात स्पष्ट लिहून आलं की प्रतिवादीनं स्वतःच कबूल केलंय, तो पत्नीशी प्रेमानं कधीही बोललेला नाही.

"मग पुढं काय होतं सर?" मी विचारलं. "नाहीच्या पुढं?"

"ते तुम्हाला कसं सांगू," ते म्हणाले. "जिथं विचारलं तिथंच सांगायला पाहिजे."

या वेळी वकील द्यायचा नाही असं त्यांनी ठरवलं होतं. वकील माणूस चांगला होता, पण त्याला गप्प बसलेलं चालत नव्हतं. निकालापासून महिन्याच्या आत जिल्हा न्यायालयात अपील करावं लागतं, ते आपलं आपण केलं तरी चालतं, एवढी माहिती त्यांनी त्या अर्ध्या दिवसाच्या रजेत काढली होती. सर एकटे निघाले तर कुठं पोचतील याचा भरवसा नव्हता म्हणून मुख्याध्यापकांनी मला सोबत धाडलं. शनिवार होता, सकाळची शाळा सुटली होती. अदालत रोडच्या झाडांखाली टायपिस्ट ओळीनं बसलेले. त्यातल्या एका म्हाताऱ्या, मेंदी लावलेल्या दाढीच्या टायपिस्टसमोर आम्ही बसलो.

"बोलो मास्टरसाब," तो म्हणाला आणि बोटं यंत्रावर ठेवली.

सर म्हणाले, "मी भूगोलाचा शिक्षक असून..."

वर झाडात कसला तरी पक्षी पुन्हा पुन्हा तेच बोलत होता. उन्हाचे कवडसे कागदावर हलत होते. टायपिस्टची बोटं तशीच ठेवलेली. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली की थांबा. त्यानं पान काढलं, चुना लावला, तोंडात घातलं. शेजारच्या यंत्रावर दोन जणांच्या जमिनींचे दावे टाइप होऊन गेले. मला घरी जायचं होतं, पोरं शेजारणीकडे होती, आणि तरीही खरं सांगते, त्या झाडाखाली मला बरं वाटत होतं. इतक्या सावकाश चाललेली दुपार मी लग्नानंतर पाहिली नव्हती.

"मास्टरसाब, वकील लगा लो ना," शेवटी टायपिस्ट म्हणाला. "तुम्हारा टाइम बचेगा, मेरा बी बचेगा."

"वकील नक्को," सर म्हणाले. शहरात जन्म गेलेला, त्यांनाही तशी भाषा येत होती.

"हौ, तो फिर मांगते क्या तुम? आखिर में लिखना पडता, क्या मांगते."

सर वर पानांकडे बघत राहिले. टायपिस्टनं आणखी थोडी वाट पाहिली. मग त्यानं आपल्या मनानं खडखड शेवटचा परिच्छेद उतरवला, कागद ओढून काढला आणि सहीची जागा दाखवली. सरांनी सही केली. मीही वाचलं नाही. मला वाटलं, सुटलो एकदाचे.

तारखा पडू लागल्या. कधी नोटीस बजावली गेली नव्हती, कधी न्यायाधीश रजेवर होते, कधी नुसतीच पुढची तारीख. सरांना त्याचं काही नव्हतं. किंबहुना मला वाटतं, त्यांना आयुष्यात पहिल्यांदा आपल्या चालीनं चालणारी एक जागा सापडली होती. ते कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर बसून राहत. तिथले लोक त्यांना ओळखायला लागले. पक्षकार बायका आपली पोरं त्यांच्यापाशी सोडून आत जात आणि सर त्या पोरांना डोळे मिटायला लावून कुठं कुठं नेऊन आणत.

हे असंच चालू राहिलं असतं. पण एका दुपारी शाळेच्या फाटकाशी एक बाई येऊन उभी राहिली. जांभळी साडी, खांद्याला पर्स, चेहरा उन्हानं लाल झालेला. सर सहलीबरोबर वेरूळला गेले होते. मी तिला आत बसवून चहा दिला. तिनं सांगितलं तेव्हा कळलं, ही सरांची बायको. माझ्या डोळ्यांसमोर उगाच एक कजाग बाई होती. ही तर साधी, थोडीशी दमलेली होती.

"बाई, त्यांना मला परत न्यायचं हाय का?" तिनं विचारलं.

"तसं काही म्हणाले नाहीत," मी म्हटलं.

तिनं पर्समधून अपिलाची प्रत काढून माझ्यापुढं केली. शेवटचा परिच्छेद टायपिस्टनं जसा सगळ्यांना लिहून देतो तसाच लिहिला होता: सबब, खालच्या न्यायालयाची डिक्री रद्द करावी आणि विवाह कायम ठेवावा. खाली सरांची सही. त्या दिवशी झाडाखाली मी तो वाचला असता तर!

"लई वाईट माणूस नाय हो तो," ती म्हणाली. "हात उगारला नाय कधी, शिवी नाय. पण मी घरात चालतेबोलते का भिंतीला टेकून ठेवलीय, त्यांना काही फरक नाय. मी सांगायचे, आज पोस्टात असं झालं, तसं झालं. ते बघत राहायचे खिडकीतून. माणसानं किती दिवस एकटीनं बोलायचं?" मग कपाकडे बघत म्हणाली, "भावानं एक स्थळ आणलंय. बी-बियाण्याचं दुकान हाय त्याचं जालन्यात. बायको वारली. दिसायला काही खास नाय. पण लई बोलतो. गिऱ्हाइकाशी बोलतो, माझ्याशी बोलतो, जेवताना बी बोलतो. मला तेवढंच पाहिजे हो. पण अपील निकालात निघाल्याबिगर लग्न लागत नाय. आणि तो दुकानवाला किती दिवस थांबणार?"

मी तिला बसस्टँडपर्यंत सोडायला गेले. वाटेत ती दोन-तीनदा म्हणाली, "त्यांना रागवू नका." ते मात्र मला जमण्यासारखं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी सरांना मैदानात गाठलं. सायकल हातात होतीच. मी त्यांना काय काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की मी म्हणाले, "तुमचं एक वाक्य अडलंय म्हणून तुम्ही एका बाईचा जन्म अडवून ठेवलाय." प्रत त्यांच्या हातात कोंबली. त्यांनी शेवटचा परिच्छेद वाचला. पुन्हा वाचला.

"हे मी मागितलं नव्हतं," ते म्हणाले.

"मग सही कुणी केली?"

"मी झाडाकडे..." ते म्हणाले, आणि थांबले. मी या वेळी पुरं केलं नाही. मैदानात मुलं खो-खो खेळत होती, धूळ उडत होती, आणि आम्ही दोघं सायकलीच्या दोन बाजूंना उभे होतो. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "तिला सुटायचं असेल तर सुटू द्या. मी आड येत नाही. पण बाई, त्या कागदावर असं राहील की मी कधी... तिच्याही मनात तेच राहील."

"म्हणजे तिला सांगायचंय तुम्हाला? मग जालन्याला जा आणि सांगा!"

ते माझ्याकडे असे बघत राहिले, जणू मी त्यांना पोहत समुद्र ओलांडायला सांगितलंय. "समोर बसून?" त्यांनी विचारलं.

पुढच्या तारखेला मी रजा टाकून गेले. सरांकडून मी वचन घेतलं होतं की काही झालं तरी त्या दिवशी अपील मागं घ्यायचं, बोलून होवो न होवो. त्यांनी मान डोलावली होती. थंडीचे दिवस होते. कोर्टाच्या खोलीत उंच खिडकीतून तिरपं ऊन येत होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. मागच्या बाकावर ती बसली होती, शेजारी तिचा भाऊ, हातातल्या किल्ल्या सारख्या वाजवत. पुढं तिचे वकील. न्यायाधीश वयस्क होते, सर्दी झालेली, गळ्याला मफलर.

पुकारा झाला. सर उठून पुढं गेले.

"वकील नाही दिलेला?" न्यायाधीशांनी विचारलं.

"नाही."

"बरं. तुमचं म्हणणं काय आहे? निकालात काय चुकलं?"

"मला एक प्रश्न विचारला होता," सर म्हणाले. "त्याचं उत्तर अर्धं लिहून घेतलंय."

न्यायाधीशांनी कागद चाळले आणि तो प्रश्न मोठ्यानं वाचला. खालच्या कोर्टात जसा विचारला होता अगदी तसाच. पत्नीशी कधी प्रेमानं चार शब्द बोललात का? "उत्तर आहे, नाही. पुढं काही म्हणायचं होतं का तुम्हाला?"

सरांनी खिडकीकडे पाहिलं. मला त्यांची ती नजर माहीत होती. त्या नजरेचे दिवसचे दिवस होत. खोलीत पंखा बंद होता, त्यामुळे शांतता जास्तच जाणवत होती. कुणीतरी खाकरलं. किल्ल्या वाजत होत्या, मग त्याही थांबल्या. बाहेर व्हरांड्यात कुणी कुणाला तरी हाक मारली, तीही विरून गेली. तिचे वकील अर्धवट उठले. "साहेब, अपीलकर्त्याला बहुतेक असं म्हणायचंय की..."

"तुम्ही बसा," न्यायाधीश म्हणाले. "त्यांना विचारलंय."

त्यांनी रुमाल काढून नाक पुसलं, पेनाचं टोपण लावलं आणि खुर्चीत मागं टेकून बसले. मी आयुष्यात बरेच हुशार लोक पाहिले, पण त्या सर्दी झालेल्या माणसाइतकं नीट थांबता येणारा दुसरा पाहिला नाही. ऊन बाकावरून खाली उतरलं. मला रडू येईल असं वाटायला लागलं, आणि का ते मला कळत नव्हतं.

"नाही," सर म्हणाले. त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं होतं. "ती जागी असताना नाही बोललो. ती झोपली की बोलायचो."

न्यायाधीशांनी पेनाचं टोपण काढलं.

"काय बोलायचात?" न्यायाधीशांनी विचारलं.

"दिवसभराचं. तिनं पोस्टातलं सांगितलेलं असायचं, त्याला मला काय म्हणायचं होतं ते. मला लगेच सुचत नाही. रात्रीपर्यंत सुचायचं." ते जरा थांबले, पण थोडंच. "एकदा ती क्रांती चौकात समोरून येत होती. जांभळी साडी होती. मी सायकल धरून बघत राहिलो. इतकी छान दिसत होती की हाक मारायची राहिली. ती निघून गेली. ते मी तिला रात्री सांगितलं. भाजी चांगली झाली की सांगायचो. मला एकट्याला घर फार मोठं वाटतं, तू आहेस म्हणून बरं, हे रोज सांगायचो. झोपलेली असायची ती. पण बोलायचो मी. म्हणजे ते चार शब्द... झाले होते."

सर थांबले, आणि या वेळी ते खरंच संपले होते.

मागून आवाज आला. "मी जागी असायचे."

सगळ्यांनी वळून बघितलं. ती उभी राहिली होती. भाऊ पदर धरून तिला खाली ओढत होता, तिनं तो सोडवून घेतला.

"जागी असायचे साहेब," ती म्हणाली. "सगळं ऐकलंय मी. क्रांती चौकातलं बी."

"मग कधी बोलला नाहीत त्यांना?" न्यायाधीशांनी विचारलं.

"डोळे उघडले असते तर ते गप झाले असते. एकदा उघडले होते. महिनाभर अक्षर नाय बोलले. तवापासून सोंग घ्यायचे झोपेचं. रोज." "कुशीवर वळायचं नाय, खोकायचं नाय. डोळ्यांतून पाणी आलं तरी पुसायचं नाय. इतकं गोड बोलायचे हो ते, आणि मी तिथं नसल्यागत पडून राहायचं. दमले मी. दिवसा बोलणारं माणूस पाहिजे मला, साधं काहीबाही बोलणारं."

सर तिच्याकडे बघत होते. खिडकीकडे नाही, तिच्याकडे. मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते, पण त्यांचं असं समोरच्या माणसावर खिळलेलं लक्ष मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

न्यायाधीशांनी दोघांना विचारलं, पुन्हा एकत्र राहून पाहायचं आहे का, हवी तर मुदत देतो. तिनं मान हलवली, नाही म्हणून. आणि सर लगेच, अगदी लगेच म्हणाले, "तिचं बरोबर आहे. मी अपील मागं घेतो." मग एका कागदावर त्यांच्याकडून तसं लिहून घेतलं. या वेळी त्यांनी प्रत्येक ओळ वाचून सही केली. न्यायाधीशांनी दोन ओळींत आदेश सांगितला आणि पुढचा पुकारा झाला.

बाहेर आल्यावर भाऊ घाईत होता. "चल गं आक्का, गाडी निघून जाईल." तो पुढं चालू लागला. ती त्याच्या मागं. सरांनी सायकल घेतली आणि तिच्या शेजारून निघाले. त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं, येऊ नका असंही म्हटलं नव्हतं. मी थोडं अंतर ठेवून मागं होते. बसस्टँडपर्यंत दोघं गप्प चालले, मधे सायकल.

जालन्याची गाडी लागलेली होती. ती खिडकीपाशी बसली. भाऊ आत जाऊन पुढच्या बाकावर पेपर उघडून बसला. सर सायकल स्टँडवर लावून खिडकीखाली उभे राहिले. मी रसवंतीच्या कठड्याशी थांबले होते. एवढ्या आवाजात मला काही ऐकू येणं शक्य नव्हतं, गाड्या घुरघुरत होत्या, कंडक्टर ओरडत होते. पण दिसत होतं. सर वर मान करून बोलायला लागले. भर दुपारी, चारचौघांत. हात हलवून काहीतरी सांगत होते, ती हसली, मग तोंडाला पदर लावला, तरी सर बोलतच होते. त्यांना इतकं काय सांगायचं राहिलं होतं कुणास ठाऊक. दोघांमधलं सगळं कागदोपत्री संपून अर्धा तासही झाला नव्हता. माझा जीव असा कळवळला, आणि रागही आला, की अहो, हे आधी का नाही!

घंटी वाजली. गाडी मागं सरकून वळली. सर खिडकीबरोबर चालू लागले, मग थोडे पळाले, सायकल तिथंच ठेवून, वर बघून बोलत. ती खिडकीच्या गजाला धरून बाहेर वाकली होती आणि डोळे उघडे ठेवून ऐकत होती.